दुसऱ्या पाळीचं जेवण

"हलू नगा काकू, काटा अजून नाचतोय," लालासाहेब म्हणाला.

अंबूबाईनं श्वास रोखून धरला. श्वास रोखल्यानं वजन कमी भरत असतं, तर सोसायटीतल्या खताच्या पोत्यांनीही तेच केलं असतं. पण त्या घडीला तिला हे कोण सांगणार? सोसायटीचा तो लोखंडी काटा युरियाची पोती जोखण्यासाठी होता. आषाढ महिन्यापासून दर सोमवारी, दुकानात गर्दी नसताना, अंबूबाईही त्याच्यावर उभी राहत होती. गावातल्या बायका आधी पदर तोंडाला लावून हसल्या, मग त्यांनाही त्याची सवय झाली.

"सदुसष्ट," लालासाहेबानं सांगितलं. "गेल्या सोमवारी पासष्ट हुतं. दोन किलो चढलं की वो!"

"तुझा काटाच बिघडलाय."

"काटा सरकारी शिक्क्याचा हाय, काकू. दिवाळीचा फराळ नडला म्हना."

अंबूबाई खाली उतरली. फराळाची चकली तिनं जिभेलाही लावली नव्हती. काय नडलं ते तिला पक्कं माहीत होतं, पण ते लालासाहेबाला सांगण्यासारखं नव्हतं.

तिला बेंबीपाशी अंतर्गळ झाला होता. उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, वाड्याचे भारे आणि पाण्याचे हंडे वाहून पोटाची शिवणच उसवली होती. मिरजेच्या डॉक्टरांनी तिला तपासलं, काट्यावर उभं केलं आणि सरळ सांगितलं, "एकोणऐंशी किलो. एवढ्या चरबीत टाके धरत नाहीत, बाई. पासष्टवर या, मग ऑपरेशन करू." आठ डिसेंबरची तारीख मिळाली होती. त्या दिवशी वजन जास्त भरलं तर तारीख दुसऱ्याला जाणार होती, आणि पुढची कधी मिळेल याचा नेम नव्हता.

अंबूबाईला घाई होती ती लेकीसाठी. विजयमाला साताऱ्याला दिली होती आणि तिला माघात दिवस भरत होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही जगाची रीत. पण तिच्या सासूबाईंनी मालाजवळ बोलून दाखवलं होतं, "तुझ्या आईला हंडा उचलवंना, ती बाळंतिनीचं काय करनार? हितंच हू दे." बोलणं खोटं नव्हतं, म्हणूनच ते अंबूबाईच्या जिव्हारी लागलं. लेकीला न्हाऊमाखू घालायचं, नातवंडाला पायावर घेऊन तेल लावायचं, एवढंच आयुष्यात करायचं राहिलं होतं. तेही परक्या हातानं व्हायचं?

मग तिनं कंबर कसली. भात सोडला, गूळ सोडला. सूर्य मावळायच्या आत एक भाकरी आणि पालेभाजी खायची, की चूल बंद. पावसाळाभर वजन उतरत गेलं. चोळ्या ढगळ झाल्या, बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. दिवाळीच्या आधी काटा पासष्टवर आला, तेव्हा लालासाहेबानं तिला सोसायटीतला चहा पाजला, बिनसाखरेचा.

आणि दिवाळी सरताच साखर कारखान्याच्या गव्हाणीत, ऊस टाकायच्या पट्ट्यावर, उसाची पहिली मोळी पडली. त्याच रात्री बारा वाजता भोंगा झाला.

पावसाळ्यात कारखाना बंद असतो, भोंगाही मुका असतो. म्हणून तर तिला ते चार-पाच महिने निभावले होते. तिचा नवरा आकाराम बावीस वर्षं त्या गव्हाणीवर कामाला होता. दिवसा रान बघता यावं म्हणून तो हंगामभर दुसरी पाळी मागून घ्यायचा, चार ते बारा. भोंगा झाला की अंबूबाई उठायची, चुलीत फुंकर मारायची, दोन भाकरी थापायची. दुसरी तव्यावर असतानाच दारात सायकलची घंटी वाजायची. आकारामच्या अंगाला मळीचा आंबूस वास असायचा. हातपाय धुऊन तो पाटावर बसायचा, पण घासाला हात लावायचा नाही.

"तुजं ताट?"

"मी सांजच्यालाच जेवलीया. सासूबाईंसंगं."

"मग परत जेव. एकट्यानं जेवाया मी काय खानावळीत आलोय?"

खरोखरच तो उठून जायचा. मग ती आधी त्याच्या समाधानाला एक घास घेऊ लागली, पुढं चतकोर, पुढं अख्खी भाकरी. दिवसभर सासू-सासऱ्यांसमोर नवऱ्याशी चार शब्द बोलायची सोय नव्हती. कुणाच्या गाडीचं जू मोडलं, कोण काटेवाल्याशी भांडलं, ते तो सांगायचा. मालाला शाळेत गणित येईना, म्हैस आटली, हे ती सांगायची. त्यांचा संसार खरा तेवढ्या अर्ध्या तासाचा, आणि तो फार सुखाचा होता. त्यात अंगावर थोडं मांस चढलं तर कुणाला त्याचं काय वाटणार होतं?

दोन वर्षांमागं श्रावणात छातीत कळ येऊन आकाराम गेला. भोंगा मात्र हंगाम आला की आपल्या वेळेला होतच राहिला. गेले दोन्ही हंगाम ती उठली होती आणि जेवली होती. यंदा चार रात्री तिनं दम धरला, पाचव्या रात्री उठली, ती उठतच राहिली.

तिनं उपाय केले नाहीत असं नाही. भांड्यांच्या कपाटाला कुलूप लावून किल्ली पिठाच्या डब्यात पुरली. मग पीठ चाळून ती काढायला आणखी पाच मिनिटं लागली, एवढंच. शेजारच्या सुलाबाईच्या सोप्यात झोपून पाहिलं. भोंगा तिथंही ऐकू आला, आणि ती घोंगडं गुंडाळून अंधारातनं घरी परत आली.

"आगं, दुरडीच मोकळी ठीव," सुलाबाई म्हणाली. "असंल तर खाशील ना?"

पण ते अंबूबाईला जमण्यासारखं नव्हतं. भाकरीची दुरडी रात्री मोकळी ठेवायची नाही, निदान चतकोर तरी आत असावी, अशी सासूची शिस्त होती. आकाराम जेवून उठतानाही दुरडीत डोकावून बघायचा. त्याच्या माघारी त्याच्याच घरची दुरडी रिकामी ठेवायची? वजन राहिलं बाजूला!

वजन दोन किलो चढलं त्याच आठवड्यात विजयमाला राहिलेलं दिवाळीचं माहेरपण करायला आली. साताऱ्याच्या गाडीतनं उतरताच तिनं आईला आपादमस्तक न्याहाळलं आणि तिचे डोळे भरले. "आई, निम्मी झालीस की गं!" अंबूबाईनं काट्याची गोष्ट सांगितली नाही.

त्या रात्री भोंगा झाला तेव्हा माला जागी झाली. स्वयंपाकघरात कंदील होता. चुलीपुढं दोन ताटं मांडलेली होती, दोन्हींत भाकरी, वांग्याची भाजी, कांदा. एका ताटापुढं पाट होता, त्यावर कुणी नव्हतं. आईनं आपलं ताट संपवलं, थोडा वेळ तशीच बसून राहिली, आणि मग अन्न टाकवत नाही म्हणून तिनं दुसरं ताट आपल्याकडं ओढलं.

"आई, ते कुनाचं?"

अंबूबाई दचकली. चोरी पकडल्यावर माणूस रागावतं, तशी ती आधी रागावलीच. "झोप जा. जागरन करू नगंस." मग तिचा आवाज खाली आला. "त्यास्नी एकट्यानं जेवाया आवडत न्हाई, माला. काय करू मी? भोंगा झाला की मला वाटतं, आता सायकल वाजल."

माला पुढं आली आणि बापाच्या पाटावर बसली. "मला लय भूक लागलीया. ह्ये मी खाते. तू बोल."

"काय बोलू?"

"तात्यांसंगं बोलायचीस त्येच."

मग अंबूबाई बोलू लागली. लालासाहेबाचा काटा, सुलाबाईची गाभण म्हैस, डॉक्टरची तारीख, सगळं सांगितलं. त्या दोन किलोंचंही. माला हुंकार भरत जेवली. ताट धुऊन दोघी निजल्या, तेव्हा अंबूबाईच्या ध्यानात आलं की, माला बसल्यावर आपण एक घासही खाल्ला नाही.

आठ रात्री असं चाललं. आईनं ताट एकच वाढायचं, लेकीनं जेवायचं. गाडीत बसताना माला म्हणाली, "सासूबाईंस्नी सांगते, बाळंतपनाला मी माह्यारी येनार म्हनून." अंबूबाईनं मान डोलावली. पण आता रात्री समोर कोण बसणार?

त्या रात्री भोंगा झाल्यावर ती बराच वेळ अंथरुणात पडून राहिली. शेवटी उठली. चूल पेटवली नाही. दुरडीतली चतकोर भाकरी आकारामच्या ताटात वाढली, पाट मांडला, स्वतः पाण्याचा तांब्या घेऊन बसली आणि दिवसभराचं सांगत राहिली. दोनदा हात ताटाकडं गेला, दोनदा तिनं तो मागं घेतला. एका रात्री तिसऱ्यांदाही गेला आणि तिनं खाल्लं, पोटभर रडलीही. दुसऱ्या रात्री पुन्हा तांब्या घेऊन बसली. ताटातली भाकरी सकाळी सुलाबाईच्या म्हशीला जायची, त्यामुळं अन्न वाया गेल्याचं पाप नव्हतं.

शेवटच्या सोमवारी लालासाहेबानं काटा दोनदा बघितला. "पासष्टला थोडं कमीच हाय. काकू, जावा बिनघोर."

मिरजेला निघायच्या आदल्या रात्री तिनं बोचकं बांधून दाराशी ठेवलं. सासूच्या वेळची ती दुरडी पुसून घेतली आणि ताजी भाकरी मोडून तिच्यात चतकोर ठेवली. बाराचा भोंगा झाला. ती पाटासमोर बसली.

"उद्या पहाटच्या गाडीनं मी मिरजंला निघाले," ती म्हणाली. "पंधरा दिस लागत्याल म्हनत्यात. मालाचं बाळंतपन हितंच करायचंय, तवा जायाला पायजे." बाहेर रस्त्यावरनं सुटलेल्या पाळीच्या सायकली घंट्या वाजवत पुढं निघून गेल्या.

"दुरडीत चतकोर ठेवलीया. भोंगा झाला की जेवून घेत जावा. माझ्यापायी थांबू नगा."

मग तिनं दुरडीवर फडकं झाकलं आणि कंदिलाची वात खाली केली.