काजूच्या चटईवरची हौसा

माझं डोकं आधीच काही फार धड नाही, त्यात डिचोलीला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं आणि होतं तेवढंही फिरलं. प्रत्येक मूल वेगळं असतं, सगळ्यांना एकच धडा एकाच पद्धतीनं शिकवू नका, असं तिथं चार जणांनी चार तऱ्हांनी सांगितलं. मी शेवटच्या बाकावर बसून सगळं लिहून घेतलं. बावीस वर्षं शिकवते आहे मी. मुलं वेगवेगळी असतात हे मला ठाऊक आहे हो. पण एकोणीस वेगळी मुलं, चार इयत्ता, दीड खोली आणि एकटी मी, हे कसं जमवायचं ते कुणी सांगितलं नाही. जेवण मात्र छान होतं, खोटं कशाला बोलू.

आमची शाळा पाळी गावात, खनिजाचे ट्रक जातात त्या रस्त्याला लागून. सरकारी, मराठी. मी मूळची पेडण्यातल्या हळर्णची, लग्नानं डिचोलीकर झाले. पटावरची निम्मी मुलं गावची, घरी कोंकणी बोलणारी, मला टीचर म्हणणारी. निम्मी कोल्हापूर-बेळगावकडून कारखान्यात नाही तर बांधकामावर आलेल्यांची. ती बाई म्हणतात. मी दोन्हीला ओ देते.

तर प्रशिक्षणात सांगितल्याप्रमाणे मी इयत्ता मोडल्या आणि तीन चटया अंथरल्या. ज्याला जेवढं येतं त्याप्रमाणे त्यानं चटईवर बसायचं. खालची-वरची अशी भावना नको म्हणून नावं ठेवली आंबा, फणस आणि काजू. मला वाटलं, केवढी मी हुशार! पहिल्या दिवशी मधल्या सुट्टीतच तिसरीतला अक्षय जनेलातून, म्हणजे खिडकीतून, दुसऱ्याला ओरडून सांगत होता, तू काजू, तुला काय येत नाय. म्हणजे माझा दोन दिवसांचा विचार पोरांनी दहा मिनिटांत निकालात काढला.

हौसा आणि ज्योती या दोघी बहिणी. गडहिंग्लजकडच्या. बाप दादू गवंडीकाम करतो, आई त्याच्याच हाताखाली जाते. हौसा तिसरीत, ज्योती पहिलीत. हौसानं पहिल्या चाचणीत सगळी उत्तरं बरोबर लिहिली, म्हणून ती आंब्यावर. ज्योती नवी, बोलत नव्हती, नुसती टकामका बघायची, म्हणून ती काजूवर. सरळ होतं सगळं.

आठवडाभरानं दुसरी चाचणी घेतली तर हौसाचं एकही उत्तर बरोबर नाही. चौदा आणि पाच वीस. तेवीस आणि सहा तीस. मला वाटलं ताप आला असेल, कपाळाला हात लावून बघितला. थंडगार. पुन्हा घेतली, पुन्हा तेच. नियम म्हणजे नियम, तिला फणसावर बसवली. तिथंही चुकली. मग काजूवर. तिथं तर मणी मोजायचे होते, चार मणी समोर ठेवून बाईसाहेबांनी पाच लिहिले.

आणि ज्योती? जिच्या तोंडातून मी शब्द ऐकला नव्हता, त्या ज्योतीचा कागद हौसा शेजारी आल्यापासून झळकायला लागला. सगळं बरोबर. मी म्हटलं, बघून लिहीत असेल. पण बघणार कुणाचं? शेजारची हौसा तर सगळं चूक लिहीत होती. देवा म्हाराजा, मी दोघींचे कागद शेजारी शेजारी ठेवून बघत बसायचे. डब्यातली भाजी निवून जायची. भाग्यलक्ष्मी, म्हणजे आमच्या शाळेत दुपारचा पाव-भाजीचा डबा घेऊन येते ती, मला म्हणाली, टीचर, तुमी चड विचार करतात. चड म्हणजे फार. तिचं बरोबर होतं, पण विचार करूनही काही कळत नव्हतं हे जास्त वाईट होतं.

दोघी सारख्या काहीतरी कुजबुजायच्या. म्हणजे हौसाचे ओठ हलायचे आणि आवाज काही यायचा नाही. मी दोन-तीनदा चांगली खडसावली. ती गप्प बसायची आणि मी फळ्याकडे वळले की पुन्हा सुरू.

दर पंधरा दिवसांनी तालुक्याहून श्रीनाथ सर येतात. ज्या मुलांना वेगळी मदत हवी त्यांच्यासाठीचे विशेष शिक्षक. पोरगेलेसे आहेत, पण मन लावून काम करतात. मी त्यांना हौसाचे कागद दाखवले. ते म्हणाले, नाव यादीत घाला, तपासणी करून घेऊ, पालकांची सही लागेल, येत्या शुक्रवारपर्यंत द्या. मी नाव घातलं. पेनानं, ठळक. मग दादूला निरोप पाठवला.

दादू सिमेंटच्या हातांनीच आला. कदेल, म्हणजे खुर्ची, दिली तरी बसला नाही. मी त्याला शक्य तितकं गोड करून सांगितलं, की हौसाला थोडी वेगळी मदत लागेल, तपासून बघू. तो म्हणाला, "म्हंजे डोक्यानं कमी हाय म्हणा की." मी नाही नाही म्हणत राहिले, पण त्याच्या मनानं घेतलं ते घेतलं. म्हणाला, "मग उगं कशाला हितं ठेवू? दिवाळीला गावाकडं न्हेऊन सोडतो आज्जीकडं. शेरडं राखंल. सही काय ती शुक्रवारी करतो." हौसा दारातच उभी होती. तिनं सगळं ऐकलं आणि चटईवर जाऊन बसली.

त्या दिवशी घरी जाताना मला स्वतःचाच राग आला. मुलीला मदत मिळावी म्हणून नाव घातलं आणि तिची शाळाच सुटायची वेळ आली. नाव खोडावं तर तिला येत नाही हे कागदावर दिसतंय. न खोडावं तर दिवाळीनंतर ती पोर माळावर. काय करावं कळेना.

त्यात मी आणखी एक शहाणपणा केला. ज्योतीचे कागद चांगले होते म्हणून सोमवारी तिला काजूवरून उचलून फणसावर बसवली. संध्याकाळी बघते तर ज्योतीचा कागद कोरा. आणि हौसाचा? सगळं बरोबर! अगदी शेवटच्या गणितापर्यंत. वर मला म्हणते, बाई, आता मला फणसावर घ्या. मला वाटलं ही दीडवीतभर पोर माझी चेष्टा करते आहे. मी चिडले. मनाला येईल तेव्हा हुशार आणि मनाला येईल तेव्हा ढ, असं चालणार नाही म्हणाले, आणि मुद्दाम तिला काजूवरच ठेवली. ती रडली नाही, पण त्या दिवशी तिनं पावाला हातही लावला नाही.

बुधवारी सरस्वतीपूजनाच्या फुगडीची तालीम होती. आमच्याकडे शाळेतलं सरस्वतीपूजन म्हणजे मोठा सण. पाट्या पुजायच्या, मुलींनी फुगड्या घालायच्या, गाव बघायला येतो. ज्योती फुगडीत बरी होती, पण रोज हट्टानं हौसाच्या बरोबर समोर उभी राहायची. हौसाचा गळा चांगला म्हणून त्या दिवशी मी हौसाला फेरातून काढून मागं गाणाऱ्या मुलींत उभी केली.

गाणं सुरू झालं. दुसऱ्या कडव्याला चाल बदलते आणि फेर उलटा फिरतो. सगळ्या मुली उलट्या फिरल्या आणि ज्योती एकटी सरळ गेली, ती पुढच्या मुलीवर जाऊन आदळली. सगळ्या हसल्या. मी मागून म्हटलं, ज्योती, थांब. ती थांबली नाही. पुन्हा हाक मारली, मोठ्यानं. तेवढ्यात भाग्यलक्ष्मीच्या हातून भाजीच्या टोपाचं झाकण दगडी पायरीवर पडलं. केवढा आवाज! सगळ्या मुली दचकल्या, मीही दचकले. ज्योती दचकली नाही. ती चहूकडे मान फिरवून बहिणीला शोधत होती.

मी तिथंच उभी राहिले. मग एकेक गोष्ट आठवायला लागली. सुट्टीची घंटा झाली की ही नेहमी सगळ्यांच्या मागून उठायची. आवाज न करता हलणारे हौसाचे ओठ. आणि ते कागद. चौदा आणि पाच वीस, तेवीस आणि सहा तीस, चार मणी पाच. प्रत्येक उत्तर बरोबर एकानं जास्त. अगं बाई, एवढं नेमकं चुकायला आधी बरोबर उत्तर यावं लागतं! ते माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी त्यावर लाल रेघा मारत होते.

तालीम संपल्यावर मी हौसाला मागच्या पायरीवर घेऊन बसले. विचारलं, ज्योतीला ऐकू येत नाही ना? तिनं पायाच्या बोटानं माती उकरली. मग म्हणाली, थोडं येतं. जवळून आणि तोंड बघितलं तर कळतं. घरी आईला वाटतं ती हट्टी आहे, बाला वाटतं लाडावली आहे. गावाकडं त्यांच्या आत्याला असंच ऐकू येत नाही. तिला सगळे मुकी म्हणतात, ती शाळेत कधी गेलीच नाही, शेरडं राखते. ज्योतीचं कळलं तर तिलाही तिथंच धाडतील, म्हणून हिनं कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. आंब्यावरून तिचे ओठ ज्योतीला दिसायचे नाहीत, म्हणून ही एकेक चटई चुकत चुकत खाली आली होती.

तरी मला एक कळत नव्हतं, ते मी विचारलंच. "अगं, बा तुलाच गावाला धाडतो म्हणाला, ते तू ऐकलंस. तेव्हाच बरोबर लिहायचंस, सोमवारची वाट कशाला बघितलीस?"

हौसा म्हणाली, "मी गेले की तिला बी माझ्यासंगं धाडतील. हितं तिला कोण बघणार? दोघी मिळून राखली असती शेरडं. ती एकली गेली तर तिला कोण सांगंल?"

आठ वर्षांची पोर. तिनं हिशेब पुरा करून ठेवला होता, आणि मी प्रशिक्षणाची वही घेऊन फिरत होते. मला रडू आलं. ती म्हणाली, बाला सांगू नका. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तपासणीला बापाची सही लागणार. सांगावं तर हिच्या मनातली भीती खरी ठरायची, न सांगावं तर ज्योती अशीच लोकांची तोंडं बघत मोठी व्हायची. दोन रात्री मला धड झोप नव्हती.

शुक्रवारी दादू आला. मी यादीतलं हौसाचं नाव खोडलं, खाली ज्योतीचं लिहिलं आणि त्याला सगळं सांगून टाकलं. त्याचा विश्वास बसेना. म्हणाला, न्हाई हो, माझ्याशी बोलते की ती. मी म्हटलं, समोर असताना बोलते. आता मागून हाक मारून बघा.

ज्योती फणसाच्या चटईवर आमच्याकडे पाठ करून बसली होती. तिच्या समोर, पलीकडे काजूवर हौसा. दादूनं हाक मारली. ज्योती हलली नाही. त्यानं पुन्हा मारली, मोठ्यानं. वर्गातली बाकी सतरा तोंडं आमच्याकडे वळली. हौसाचा हात सवयीनं वर आला, ज्योतीला मागं बघ म्हणून सांगायला. तो खांद्यापर्यंत आला. हौसानं एकदा बापाकडे बघितलं, आणि हात खाली घेऊन मांडीखाली दाबून धरला.

दादूनं तिसरी हाक मारलीच नाही. तो चटईला वळसा घालून ज्योतीच्या समोर गेला आणि उकिडवा बसला. त्याला बघून ती हसली. मग तो उठून माझ्याकडे आला, हात विजारीला पुसले आणि सही केली. म्हणाला, "मी हिला दोनदा मारलंय वो बाई. हाक मारल्यावर येत न्हाई म्हणून." मीही हौसाला कुजबुजते म्हणून खडसावलं होतंच.

जाताना दारात थांबून त्यानं विचारलं, डिचोलीला तपासायला कधी न्यायचं. मी मंगळवार म्हटलं. "हौसाला बी घेतो संगं," तो म्हणाला. "तिच्याबिगर ज्योती सांगायची न्हाई काय." मी धीर करून गावाचं विचारलं. तो म्हणाला, कुणी जात न्हाई गावाला. शेरडांचं आज्जी बघंल.

शनिवारी मी चटया गुंडाळून कोपऱ्यात उभ्या केल्या आणि सगळ्यांना गोल बसवलं, म्हणजे ज्योतीला सगळ्यांची तोंडं दिसतील. आता कुणी काय शिकायचं, कुणी कुणाला शिकवायचं, कुणाला कुठला कागद द्यायचा, माझा नुसता घोळ झाला होता. श्रीनाथ सरांना विचारू म्हटलं. तोवर रोजच्यासारखा खडू उचलला, फळ्याकडे वळले आणि लिहिता लिहिता सांगायला लागले.

"बाई," हौसा म्हणाली, "फळ्याकडं तोंड करून बोलू नका. तिला दिसत न्हाई."

बावीस वर्षं मी अशीच फळ्याशी बोलत आले होते. मी वळले. ज्योती माझ्या ओठांकडे बघत होती, आणि काय सांगत होते ते मी साफ विसरले.