अर्धी भाकर

पूजाच्या ताटात नागलीची अर्धी भाकर, पळीभर पातळ वरण आणि एक हिरवी मिरची होती. उरलेली अर्धी भाकर फुलाबाईंनी टोपलीत झाकून ठेवली. फळीवर सुनीलने आणलेली सहा अंडी होती. आणली तेव्हाही सहाच होती. पूजाला आठवा महिना लागला होता.

पूजाच्या पहिल्या बाळंतपणासाठी सुनीलने आईला, फुलाबाईंना, पेठकडच्या गावाहून सातपूरच्या खोलीवर आणलं होतं. आठवडाभरातच गल्लीतल्या बायका तान्ही पोरं घेऊन म्हातारीला सल्ला विचारायला येऊ लागल्या.

"आई, भूक राहिली हाय," पूजा हळूच म्हणाली.

"राहू दे. पोटात पोर वाढलं म्हंजे अडतं, बाई."

कारखान्यातून आलेला सुनील बूट काढताना हसला. "आई, सून केलीस का उपासाची देवी?"

"हस तू! तुला कुठं बाळंत व्हायचंय?"

"ऐक गं तिचं," तो पूजाला म्हणाला. "आईला कळतं."

फुलाबाईंना हे नुसतं ऐकून कळलं नव्हतं. त्यांची धाकटी जाऊ बाळंतपणात अडली आणि डोलीतून दवाखान्यात नेताना डोंगरउतारावरच गेली. पोटातलं मूल चांगलं गुटगुटीत होतं, असं सुईण म्हणाली. जावेचा हात फुलाबाईंच्या हातातच गार पडला. तेव्हापासून भावकीतल्या प्रत्येक गरवारशीचं ताट त्या स्वतः वाढत. पुढे एकही अडली नाही.

"माझी सात झाली. एकदा बी अडले नाय."

"सात?" पूजाने घास थांबवला. "हे आन् दोघी वन्सं, तिघंच ना?"

फुलाबाईंची बाकीची चौघं जन्मली तेव्हा मुठीएवढी होती. त्यांना देवाने नेलं, असंच सगळे म्हणाले होते, त्याही म्हणाल्या होत्या. त्यांचा हात टोपलीकडे गेला, भाकरीला लागलाही. मग जावेचा तो गार हात आठवला. त्यांनी फडकं पुन्हा नीट ओढलं.

"ती देवाची होती. तू पाणी पी वरून."

पुरे दिवस भरल्यावर पूजा दवाखान्यात बाळंत झाली. कळा फार घ्याव्या लागल्या नाहीत. फुलाबाईंनी तिच्या कपाळावरचा घाम पदराने टिपला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"बघ, म्हणले नव्हते? जरा बी अडली नायस."

नर्सने मुलीला वजनकाट्यावर ठेवलं. आकडा पाहून तिला उचललं, काटा शून्यावर आणला आणि पुन्हा ठेवलं.

पुन्हा तेच: एक किलो पाचशे साठ ग्रॅम.