उशिरा येणारा ठोका

इअरफोनचं कानात घालायचं ते रबरी बोंड — वाटाण्याच्या फोलपटाएवढं, दोन बोटांत दाबलं की चपटं होणारं, सोडलं की पुन्हा फुगणारं — अजून कोमट होतं, नूरच्या मुठीतली ऊब त्यात राहिली होती, आणि इब्राहिम गुरुजी ते कानात घालायचं सोडून नुसतेच दाबत-सोडत बसले होते. नूर, त्यांची सून, आत्ताच कामाला गेली. वराळ्याच्या कंपनीची बस चौकात थांबत नाही, नुसती हळू होते, असं ती म्हणते. म्हणून सकाळी तिची कायम पळापळ. तरी आज चपलेत पाय सरकवताना ती थांबली होती.

'एल लिहिलंय ते डाव्या कानात, अब्बा. आणि दुसऱ्या भागात ड्रम मी वाजवलेत. पण लेखात माझं नाव घालू नका हं.'

आणि जिना उतरून गेली.

हे काय उंबऱ्यात सांगायचं वाक्य आहे? पण नूर सगळी मोठी वाक्यं उंबऱ्यातच बोलते. आयरा होणार हेही तिनं असंच, दुधाची पिशवी आत घेता घेता सांगितलं होतं. समोरच्याला काही विचारायला सवड मिळू नये म्हणून असेल… किंवा तिचं तिलाच थांबायचं नसेल.

लेख गौरवसाठी होता. गौरव पवनानगरच्या शाळेतला त्यांचा विद्यार्थी. आता तळेगावात छापखाना चालवतो आणि हौसेनं दिवाळी अंक काढतो. 'गुरुजी, बँकरचा संग्रह आलाय. परीक्षण तुमीच लिवा,' तो फोनवर म्हणाला होता.

'अरे, मला त्या गाण्यांतलं काय कळतं?'

'म्हनून तर! कळनारे लय हायेत, त्यांचं लिवलेलं मलाच कळत न्हाई. तुमी आमच्या निबंधाखाली शेरा लिवायचा ना, तसं लिवा.'

'तुझ्या निबंधाखाली मी काय लिहायचो?'

'अक्षर सुधारले, आता विचारांकडे पाहा. चार वर्सं तेच, गुरुजी. विचार काय सुधारला न्हाई, म्हनून छापखाना काढला.'

बँकर म्हणजे घाट चढताना गाडीच्या शेपटाला लागून तिला मागून रेटणारं इंजिन. लोणावळ्यातल्या पोरांना हे सांगावं लागत नाही, पण पुण्या-मुंबईचे लोक हे नाव घेऊन गाणाऱ्या या बँडच्या मंडळींना विचारायचे म्हणे, कुठल्या बँकेत असता? पंधरा वर्षांत त्यांनी केलेल्या गाण्यांचा हा संग्रह, दोन भागांचा. पहिल्या भागाचं नाव 'चढ'. त्यात सगळ्यांना पाठ असलेली गाणी. दुसऱ्याचं 'सायडिंग', म्हणजे डबे बाजूला काढून ठेवायचा रूळ; त्यात तालमींचं ध्वनिमुद्रण, अर्धवट सोडलेली, कुठंच न आलेली गाणी. गाणारा आणि लिहिणारा निलेश. तोही पवनानगरचाच, प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांच्या खाली, जणू जमिनीतून गाणारा. 'वर ये, वर ये,' असं मी हातानं खुणवायचो, आणि तो मान डोलवून तिथंच राहायचा. बरं झालं, राहिला ते.

सकाळभर ते 'चढ' ऐकत होते. दोन-तीनदा थांबून त्यांनी खिडकी लावली, पंखा बंद केला. 'टोलनाका' लागलं तेव्हा आधी गिटारचा आवाज — पत्र्यावर वाळू ओतावी तसा, आणि त्यांना वाटलं हे काही आपल्याच्यानं होणार नाही — पण वाळूखालून निलेशचा तो जुना, खालच्या पट्टीतला आवाज आला, रांगेत उभ्या गाड्यांमधून फुटाणे विकणाऱ्या बाईविषयी गाऊ लागला, आणि मग वाळू वाळू राहिलीच नाही, ती त्या बाईच्या पायाखालची धूळ झाली. 'शनिवारचे पाहुणे' ऐकताना ते चक्क हसले. लोहगडवाडीच्या टपरीवाल्यानं गड चढून दमलेल्यांना केलेली चेष्टा, पण त्या चेष्टेत आकस नाही. 'पाण्याखालची वाट' धरणाच्या पोटात गेलेल्या रस्त्याविषयी आहे. तो रस्ता त्यांनी पाहिलेला नाही, निलेशनं तर नाहीच नाही, तरी गाणं त्यावरून असं चालत जातं की खाचखळगे कळावेत. त्यांनी लिहिलं: 'ही माणसं ओरडतात तेव्हाही कुणावर ओरडत नाहीत.' वाक्य त्यांना आवडलं. आवडलं म्हणून त्यांनी ते पुन्हा तपासलं, आणि राहू दिलं.

आणि या सगळ्या गाण्यांत एक गोष्ट होती जिला नाव देता येईना. ओळ संपली की मोठ्या ढोलाचा एक ठोका पडायला हवा — पायानं पेडल दाबून वाजवतात तो — आणि तो पडायचा, पण किंचित मागाहून. चुकला म्हणावं इतका नाही. वर्गात एखादीला उत्तर येत असतं पण ती शेजारणीला आधी बोलू देते, तसा. त्या थांबण्यात गाणं पुढे झुकायचं, ऐकणाऱ्याचा श्वास झुकायचा, आणि मग ठोका येऊन दोघांना धरायचा. बँकरची चाल म्हणतात ती हीच असणार. गौरव म्हणाला होता, पोरं या चालीवर जीव टाकतात. वाजवणारा संदेश, कामशेतचा. त्यांनी लिहिलं: 'संदेश यांचा ठोका उशिरा येतो, आणि म्हणून वेळेवर येतो.'

मग 'सायडिंग' लावलं.

आवाज साधा, भिंतीवरून परत येणारा. कुठल्यातरी रिकाम्या गोदामात वाजवलेलं असावं. कुणीतरी खोकलं. निलेशचा कोवळा आवाज म्हणाला, 'नूर, घे.' आणि 'टोलनाका' सुरू झालं — हेच गाणं, पण सात-आठ वर्षं लहान, अजून दात पडायचे असलेलं — ओळ संपली, आणि ठोका… आला नाही, आला नाही, आला.

गुरुजींनी फोन थांबवला. मागे घेतलं, पुन्हा ऐकलं. संदेशचा ठोका इथून आला होता. संदेश ते नीट वाजवतो, घोटून वाजवतो, कित्त्यावर गिरवलेल्या अक्षरासारखं. पण हा कित्ता होता. इथं उशीर ठरलेला नव्हता, दर ओळीला वेगळा, आणि दर वेळी वाटायचं की आता येतच नाही. आपण माणसाची वाट बघतो तशी त्या ठोक्याची वाट बघत होतो आपण.

ते पाणी प्यायला उठले. हंड्याखाली जाड, गोल, काळं रबर होतं; आज किती वर्षं तिथंच. निकाहनंतर नूरच्या सामानात आलेलं. 'हे तिचं सरावाचं ड्रम, अब्बा, आवाज न होणारं,' असं उमर, त्यांचा मुलगा, हसत म्हणाला होता, आणि सगळेच हसले होते, नूरसुद्धा. वाजवू नको असं या घरात कुणी म्हटलं नाही. हंडा त्यावर पहिल्यांदा कुणी ठेवला, तेही त्यांना आठवेना. बहुतेक तिनंच.

म्हणजे हे असं झालं होतं: तिचं नाव घालायचं नाही, तर बँकरची चाल संदेशची ठरते. आणि ती संदेशची नाही. आयुष्यभर मी एकाची वही दुसऱ्याच्या नावावर जाऊ दिली नाही. शेवटच्या बाकावरच्या पोरानं काढलेलं चित्र पहिल्या बाकावरच्यानं आणून दाखवलं तरी मला रेघ ओळखू यायची. आणि नाव घालायचं, तर जिनं जाताना एवढं एकच मागितलं…

दुपारी मुलं आली. शिकवणी नव्हे, नुसती येतात. ओसरीत बसून गणितं करतात. आयरा, नूरची मुलगी, आणि शेजारचा हमदान, आणि आणखी दोघी. गुरुजींनी वजाबाक्या बाजूला ठेवायला सांगून फोनवर मोठ्यानं ते सायडिंगवरचं 'टोलनाका' लावलं. 'ओळ संपली की टाळी वाजवायची. बघू.'

मुलांनी वाजवली. सगळ्यांची टाळी आधी, ठोका नंतर. पुन्हा. पुन्हा तेच.

'गुरुजी, ढोलवाला झोपलाय का?' हमदान म्हणाला.

'झोपला नाही रे, थांबलाय,' आयरा म्हणाली.

'मग आमी बी थांबू का?'

'थांबून बघ.'

हमदाननं हात फाकवून धरले, ओठ चावला, डोळे मोठे केले, आणि तरी त्याची टाळी आधी पडली. मग बाकीच्या हसून लोळल्या आणि तो चिडून म्हणाला, 'त्यालाच ठावं न्हाई कदी वाजवायचं, मला काय ठावं आसनार!'

गुरुजी हसले, पण ते वाक्य त्यांच्यात अडकलं. तिलाच माहीत नव्हतं का? म्हणजे मी ज्याला दिवसभर प्रतिभा म्हणतोय ती… चुकीवर लाल रेघ ओढण्याआधी, तू इथं कसा पोचलास, हे मुलाला विचारायचं, हा त्यांचा एकुलता एक नियम होता. बरोबर उत्तराला मात्र त्यांनी तो कधी लावला नव्हता.

नूर आली तेव्हा उन्हं समोरच्या गच्चीवरून उतरली होती. डबा ओट्यावर ठेवून तिनं चहा टाकला.

'झालं लिहून?'

'एक अडलंय. विचारू?'

'वाटलंच मला. विचारा.'

'तो उशिराचा ठोका. मुद्दाम होता, की चूक होती?'

नूर आधी वळून त्यांच्याकडे बघत राहिली, मग एवढी हसली की गाळणी खाली ठेवावी लागली. 'अहो अब्बा, पेडलची स्प्रिंग ढिली होती! ऑर्केस्ट्रावाल्याकडून आणलेला जुना सेट तो. पाय दाबला तरी ठोका मागाहून यायचा. आधी आधी मी रडायची. लवकर दाबून बघितलं, तर गाणं पळायचं. मग म्हटलं, येऊ दे बाबा तुला यायचं तेव्हा. त्याची वाट बघत वाजवायला लागले.'

'आणि संदेश?'

'त्याच्यासाठी नवाकोरा सेट आणला. तर बिचाऱ्याला तो उशीर पाठ करावा लागला! ठोका वेळेवर पडला की निलेशला गाणं परक्याचं वाटायचं.'

आता दोघंही हसत होते. आयरा काय झालं म्हणून डोकावून गेली. हसणं ओसरल्यावर गुरुजी म्हणाले, 'हे लिहायला हवं, नूर.'

'लिहा की. स्प्रिंगचं लिहा. माझं नको.'

'पण का?'

तिनं कप पुढे केला. या वेळी ती उंबऱ्यात नव्हती आणि बसही यायची नव्हती. 'नाव आलं की लोक विचारणार, मग आता का नाही वाजवत. आणि मला त्याचं उत्तर येत नाही, अब्बा. कुणी सोडायला लावलं नाही… तुम्ही नाही, उमर नाही. आयरा लहान होती, खरंय, पण ते काही उत्तर नाही. मी रडतबिडत नाही हो. नुसतं उत्तर येत नाही. आणि येत नसताना कुणी विचारलं की कसंतरी होतं.'

हे तोंड गुरुजींनी पुष्कळ वेळा पाहिलं होतं, फळ्यासमोर, हातात खडू धरून उभ्या मुलाचं. आणि अशा प्रत्येक वेळी ते थांबले होते. धीराचा माणूस, म्हणायचे लोक. पण त्या थांबण्यात — आत्ता, हातातला चहा निवत असताना त्यांना ते दिसत होतं — ते मुलाच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे. म्हणजे तेही विचारणंच झालं, आवाज न करता केलेलं. पोराला पाठ फिरवून, जा, बस, असं त्यांनी कधी म्हटलं नाही, याचा त्यांना अभिमान होता. बसावंसं वाटलं असेल का कुणाला?… मी कुणाला ते विचारलं नाही.

समोर कागद होता. 'हा उशिराचा ठोका पहिल्यांदा वाजवला तो' — एवढं दुपारीच लिहून ठेवलेलं, पुढे मोकळी जागा. त्यांनी नजर नूरच्या चेहऱ्यावरून काढून घेतली आणि खिडकीबाहेर नेली, कशासाठीही नाही, नुसती. ती चहा पीत होती. वाक्याला नाव हवं होतं, हे अजूनही खरंच होतं. ते घालायचं की नाही, त्यांना ठाऊक नव्हतं, आणि त्या मोकळ्या जागेकडे, आयुष्यात पहिल्यांदाच, गाळलेली जागा म्हणून त्यांना बघता येत नव्हतं.