फरामर्जच्या नाकातली जळू

मी जळू बोलतेय. तोंड वाकडं करू नका, जरा ऐका. बरणीत पडून पडून मला बोलण्याशिवाय दुसरं कामच उरलेलं नाही.

इराणमधल्या लोरिस्तानच्या डोंगरात, ओक झाडांच्या रानात एक तळं आहे. तिथल्या काठच्या चिखलात माझा जन्म. तेव्हा मी शिवणाच्या दोऱ्याएवढी होते. आमच्या जातीचे दात इतके मऊ, की कातडी फुटतच नाही. म्हणून कुणी पाण्याला तोंड लावलं की आत शिरायचं आणि घशात नाहीतर नाकात चिकटायचं. शेळ्या-खेचरांवर आमचं भागतं. माणसाचा मला कधी हव्यास नव्हता.

फरामर्ज आपणहून आला. तो सुतार, दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी डोंगर चढायचा. त्या दिवशी बायको गुलनारही बरोबर होती. उन्हानं तापलेला हा गडी बूट काढून थेट पाण्यात उतरला. डुबक्या मारल्या, गुळण्या केल्या, वर ओंजळीनं प्यायलाही.

"बाटलीत पाणी आहे ना. ते काय शोभेला आणलंय?" गुलनार काठावरून म्हणाली.

"बाटलीच्या पाण्याला वास येतो. हे झऱ्याचं आहे."

"त्यात सकाळी शेळ्या उभ्या होत्या."

"मग? मेल्या का शेळ्या?"

त्याच घोटाबरोबर मी आत गेले आणि नाकाच्या पार मागे चिकटले.

चौथ्या दिवसापासून त्याच्या नाकातून रक्त येऊ लागलं. माझी लाळ लागली की रक्त गोठत नाही, त्याला मी काय करू? शहरातला डॉक्टर म्हणाला, उष्णता झालीय. त्यानं थेंब दिले. ते माझ्या अंगावर पडून नुसते चरचरायचे. तिसऱ्या आठवड्यात त्यानं नाकात उजेड टाकून पाहिलं. उजेडाला भिऊन मी अंग आवळून घेतलं.

"मागे काळपट गाठ दिसतेय," तो म्हणाला. "तेहरानला दाखवून घ्या."

गाठ म्हणे! अहो, मी होते ती. पण ओरडून सांगायला मला आवाज कुठला?

घरी येऊन फरामर्जनं पटाशा, रंधे पुसले आणि फडक्यात बांधले. "हे विकू नकोस. भावाला दे," तो म्हणाला.

"गप्प बस आणि जेव," गुलनार म्हणाली. मग आत जाऊन तिनं नळ मोठा सोडला आणि त्या आवाजात रडून घेतलं. मी आत नुसती चडफडत होते.

तेहरानला निघायच्या आदल्या दिवशी गुलनारची मावशी, तूती खाला, भेटायला आली. तिचं आयुष्य शेळ्यांमागे गेलेलं. चहा पिताना ती फरामर्जकडे टक लावून बघत होती.

"आत काही हलतं का रे?"

"पाणी पिताना हलतं, खाला. डॉक्टर म्हणतो, मनाचे खेळ आहेत."

"तळ्याचं पाणी प्यायला होतास?"

फरामर्जनं बायकोकडे पाहिलं. बायकोनं छताकडे पाहिलं.

"उद्या दुपारपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही," खालानं बजावलं. "तेहरान कुठे पळून जात नाही."

दुसऱ्या दिवशी तिनं थंड पाण्याचं पातेलं मांडलं आणि त्याला नाक पाण्यालगत धरून वाकवून बसवलं. नाक-घसा कोरडा पडलेला, त्यात महिनाभरानं मला पाण्याचा गारवा लागला. राहवेना. मी सरकत सरकत नाकाच्या तोंडाशी आले, तोच खालानं खरखरीत फडक्यात मला पकडलं आणि हळूहळू ओढून काढलं. एव्हाना मी करंगळीएवढी झाले होते.

गुलनार फडक्यावर वाकली. "हीच का ती गाठ?" म्हणाली आणि हसता हसता पुन्हा रडायला लागली.

"मीठ आण," फरामर्ज गुरगुरला.

"मीठ नको, बरणी आणते. त्या डॉक्टरला दाखवायचीय."

तेव्हापासून मी दवाखान्याच्या खिडकीत, लोणच्याच्या बरणीत आहे. डॉक्टर खजील झाला, हे खरं. आता नाकातून रक्त येणाऱ्या प्रत्येकाला तो आधी विचारतो, "डोंगरावर कुठलं पाणी प्यायलात का?" माझं पाणी बदलायचं मात्र त्याच्या लक्षात राहत नाही. फरामर्ज पुन्हा डोंगर चढतो म्हणे, आणि बाटलीतलं पाणी मुकाट्यानं पितो.

मला तळ्यात परत सोडावं, असं कुणाच्याही मनात येत नाही. नाही तर नाही. पण त्या घरातलं रडणं मी आतून ऐकलंय, ते दुसऱ्या कुणाच्या वाट्याला नको. खुशाल डोंगर चढा, तळ्यात उतरा. फक्त तेवढं तोंड मिटून पोहा.