ड्रोव्हर्स गॅपचा वीतभर बर्फ

जून उजाडला, ऑस्ट्रेलियातला हिवाळा लागला, राजाच्या वाढदिवसाची सुट्टी तोंडावर आली, तरी ड्रोव्हर्स गॅपच्या उतारावर गवतच गवत. त्या सुट्टीला स्कीवाल्यांना वर नेणारी लिफ्ट सुरू करायची ही या डोंगरावरची रीत. बर्फ असो नसो, लोक वर येतात, गरम वाईन पितात, गवतावर स्की घालून फोटो काढतात आणि एकमेकांना सांगतात, पडेल रे, पुढच्या आठवड्यात नक्की पडेल. असल्या आशेवर इथली निम्मी हॉटेलं चालतात.

बर्फाचा रोजचा अहवाल लिहायचं काम यंदा मेरिनकडे आलं होतं. मागच्या साली त्या खुर्चीवर बसलेल्या गड्यानं चिखलाला बर्फ म्हणून खपवलं, आणि सिडनीहून पोरंबाळं घेऊन आलेल्या बापांनी तिकिटाच्या खिडकीवर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. म्हणून मेरिननं पहिल्याच अहवालात लिहून टाकलं होतं, 'यंदा जे असेल तेच लिहीन.' मॅनेजर पॅस्को ते वाचून हसला होता.

"लिही बाई. बघू किती दिवस टिकतंय."

मंगळवारी सकाळी तिनं नेहमीप्रमाणे चहाचा मग घेऊन सगळ्या डोंगरांचे कॅमेरे बघितले. न्यूझीलंडात पांढरंशुभ्र झालं होतं, पण वारा असा सुटलेला की लिफ्ट बंद. टास्मानियात पडला होता तो पावसानं धुऊन नेला. व्हिक्टोरियात नुसतं धुकं. शेवटी तिनं आपला कॅमेरा उघडला. त्यात मोजायचा खांब, मागची पांढरी फळी आणि पायाशी हातभर जमीन, एवढंच दिसायचं. खांबाला वीतभर बर्फ होता.

मेरिन खूश. खिडकीबाहेर धुकं दाटलेलं, वर चढून बघायला तास गेला असता. तिनं 'वीतभर' असं लिहून टाकलं. दुपारपर्यंत पॅस्कोचा फोन वाजायचा थांबेना, सगळ्यांना सुट्टीसाठी खोल्या हव्या होत्या. शेजारच्या डोंगरावरच्या अहवालवाल्या बाईनंही फोन केला.

"काय गं, आमच्याकडे कण नाही आणि तुमच्यावरच कशी देवाची मर्जी?"

मेरिनलाही तेच कळेना. धुकं निवळल्यावर ती वर गेली. खांबाभोवती जेवणाच्या टेबलाएवढा बर्फ, त्यातला निम्मा वितळलेला. बाकी सगळीकडे कोरडं गवत, आणि त्यात एक वॉम्बॅट मजेत चरतोय. बुधवारी सकाळी पुन्हा कॅमेऱ्यात पुरता वीतभर. आता मात्र तिच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. वारा बर्फ आणून टाकतो, हे खरं. पण वारा असा नेम धरून टाकतो होय?

तिनं पॅस्कोला गाठलं. "खरं सांग, तू टाकतोस का?"

"मी? सूर्य वर आल्याशिवाय मला माझी बायकोसुद्धा उठवू शकत नाही." मग त्यानं आवाज खाली आणला. "कशाला उकरत बसतेस? मिळालंय तर घे की गपचूप."

पण मेरिनला गपचूप घेणं जन्मात जमलं नव्हतं. लहानपणी टोस्टर उघडून बघितला म्हणून तिनं आईचा मार खाल्लेला. आणि हे तर स्वतःच्या हातानं लिहिलेलं. ते खोटं निघालं, तर मागच्या सालच्या त्या गड्यात आणि आपल्यात फरक तो काय, या विचारानं तिला जेवण गोड लागेना.

गुरुवारी पहाटे ती लाल जाकीट चढवून, थर्मास घेऊन लिफ्टच्या खोपटात जाऊन बसली. दारावर दिवा होता, त्याच्या उजेडात खांब दिसत होता. फटफटायच्या आधी चाकाची कुरकुर ऐकू आली. हातगाडी ढकलत एक वाकलेला माणूस आला, त्यानं फावड्यानं खांबाभोवती बर्फ रचला, थोपटून सारखा केला, आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिला.

मेरिन बाहेर येऊन खांबापाशी गेली. "पोल्डी? तुम्ही?"

पोल्डी. पन्नासेक वर्षांपूर्वी ऑस्ट्रियातून लिफ्ट उभारायला आलेला आणि इथलाच होऊन गेलेला म्हातारा. स्की क्लबचं लॉज तो आणि हेडी, दोघं नवराबायको सांभाळायचे. मेरिनला पहिल्यांदा स्कीवर उभं केलं ते त्यानंच. दोन वर्षांपूर्वी हेडीची छाती बिघडली, डॉक्टरांनी डोंगर सोडायला लावला, आणि ती खाली समुद्राकाठी वृद्धाश्रमात राहायला गेली. पोल्डी लॉजच्या बॉयलरपायी वर अडकलेला, फक्त रविवारी खाली जायचा.

तो दचकला नाही. फावडं टेकवून म्हणाला, "लॉजच्या दक्षिणेच्या, सावलीतल्या भिंतीमागे यंत्रानं पाडलेला थोडा बर्फ टिकून आहे. तोच आणतो."

"पण का?"

"हेडी रोज सकाळी हा कॅमेरा लावून बसते. मार्चमध्ये मला म्हणाली, बर्फाशिवाय एक हिवाळा काढायची माझ्यात ताकद नाही." त्यानं नाक पुसलं. "मग मी काय करू? आभाळाला शिडी लावू?"

मेरिन म्हणाली, "मी वीतभर लिहिलंय, पोल्डी. लोक गाड्या भरून निघतील."

"लोकांचं माझ्या डोक्यातच आलं नाही गं."

"आज मला खरं लिहावं लागेल. तीही वाचेल."

पोल्डीनं फावड्याला चिकटलेला बर्फ झटकला. "लिही. पण आधी तूच तिला सांग. मला नाही जमायचं." आणि रिकामी गाडी घेऊन निघून गेला.

मेरिन खोपटात येऊन बसली. फोन हातात घेतला, ठेवला, परत घेतला. आजारी बाईला सकाळी सकाळी सांगायचं तरी कसं, की तुझा हिवाळा खोटा आहे? शेवटी मनाचा हिय्या करून तिनं नंबर लावला. पलीकडून पहिल्याच घंटीला आवाज आला.

"पकडलंस ना शेवटी त्याला? तुझं लाल जाकीट दिसलं मला."

"म्हणजे तुम्हाला... हेडी, तुम्हाला माहीत आहे?"

"अगं, मला झोप कुठे लागते? पहिल्या दिवसापासून बघतेय. आधी गाडीचं चाक येतं, मग त्याचा हात, मग वाकला की सगळा तो."

"पण तुम्ही म्हणाला होतात, बर्फाशिवाय हिवाळा..."

"म्हणाले असेन काहीतरी. चिडले होते. जन्मभर त्या माणसानं माझं एक वाक्य धड ऐकलं नाही, आणि ऐकलं ते नेमकं हे." हेडी हसली आणि तिला खोकला लागला. "बर्फाचं मी काय करू, पोरी? आयुष्यभर उपसलाय. मी त्याला बघते. रविवारी येतो तेव्हा नवा कोट घातलेल्या पाहुण्यासारखा खुर्चीच्या कडेला बसतो, घड्याळ बघतो. या कॅमेऱ्यात तो कसा माझा दिसतो."

"मी आज खरं लिहिणार आहे."

"लिही की. फक्त मला ठाऊक आहे हे त्याला कळू देऊ नकोस. लाजेल आणि यायचा बंद होईल. आणि हो, कान उघडे टाकून फिरतो, टोपी ओढून घ्यायला सांग. मी सांगितलं म्हणू नकोस."

मेरिननं अहवाल लिहिला. 'खांबाजवळचा बर्फ आणून टाकलेला होता. वर न जाता मी आकडा दिला, चूक माझी. डोंगरावर बर्फ नाही.' पॅस्कोनं वाचलं आणि डोक्याला हात लावला. खोल्या धडाधड रद्द झाल्या, आणि त्यानं दिवसभर तिच्याशी बोलणं टाकलं. टाकू दे, असं म्हणून ती लॉजवर गेली.

पोल्डी दारातच उभा होता. "काय म्हणाली? रडली का?"

जे असेल तेच सांगायचं, असं सगळ्या जगाला लिहून दिलेली मेरिन क्षणभर घुटमळली. मग म्हणाली, "रडली कसली? वैतागली. म्हणाली, बर्फाचं राहू दे, कॅमेऱ्याची काच धुरकट झालीय, काही म्हणजे काही दिसत नाही. रोज सकाळी कुणीतरी पुसायला नको का?"

"एवढंच?"

"एवढंच. मला बाकीची कामं आहेत, तुम्हीच पुसत जा. आणि टोपी ओढा खाली, कान लाल झालेत."

"माझ्या कानांची तुला कसली काळजी?" पोल्डी म्हणाला, पण त्यानं टोपी ओढली.

शुक्रवारी मेरिन पहाटेच उठून संगणकासमोर बसली. पडद्यावर उघडा खांब, फळी, गवत. मग एक बाही आली आणि काचेवरून गोल गोल फिरली. बाही बाजूला झाली तेव्हा पडदाभर पोल्डीचा चेहरा होता, टोपी कानांवर, गुळगुळीत दाढी केलेली. काच पुसून झाली होती, तरी तो हलेना. तसाच समोर बघत राहिला, जरा जास्तच वेळ. मग इकडेतिकडे कुणी नाही ना बघून त्यानं टोपी काढली, छातीशी धरली, मान किंचित झुकवली, टोपी पुन्हा कानांवर ओढली आणि चालता झाला.

मेरिननं डोळे पुसले आणि त्या दिवसाचा अहवाल लिहिला. 'बर्फ नाही. कॅमेरा स्वच्छ दिसतो आहे.'