सासूबाईंचा मोठा कप

जावयाला दहावा ग्रह म्हणतात. तो वक्री झाला तर काय होते हे सर्वांना ठाऊक असते. परंतु तोच ग्रह प्रसन्न होऊन सेवेला लागला, तर सासूने दाद कोणाकडे मागावी, याचा विचार कोणी केलेला दिसत नाही.

या घरातला जावई व्यवसायाने चष्मेकार होता आणि स्वभावाने अत्यंत प्रसन्न. सासूबाई निवृत्त ग्रंथपाल. सारे आयुष्य वाचनालयाच्या शांततेत गेल्यामुळे त्यांचे बोलणे हळू, मोजके. आणि तक्रार तर त्यांच्या ओठांवर कधी आलीच नाही. मागच्या महिन्यात स्वतःच्या घरी एकट्या असताना त्यांना घेरी आली आणि त्या स्वयंपाकघरात पडल्या. हाड मोडले नाही, परंतु डॉक्टरांनी यापुढे एकटे राहण्यास मनाई केली. लेक जाऊन त्यांना घेऊन आली. "रविवारपर्यंत राहते, मग बघू," एवढेच त्या म्हणाल्या होत्या, आणि आईच्या 'बघू'चा अर्थ लेकीला लहानपणापासून कळत होता.

"रविवारी दादा गाडी घेऊन आला की ही निघणार," ती नवऱ्याला म्हणाली. "मला रात्रीची झोप लागायची नाही. तूच सांग तिला. तुझा शब्द ती मोडत नाही."

"मोडत नाहीत खऱ्या, पण ऐकतही नाहीत. नुसती मान डोलावतात."

"मग कॉफी पाज. एवढं धूड ओट्यावर आणून ठेवलंयस, भाजी चिरायला जागा उरली नाही. एकदाचं सार्थकी लागू दे."

धूड म्हणजे एस्प्रेसोचे यंत्र. चष्मेकाराचा त्याच्यावर फार जीव. बारीक दळलेली पूड दांडीच्या गाळणीत भरावी, तळहाताचा भार देऊन दाबावी, बटण दाबावे, आणि दोन घोटांची दाट कॉफी इवल्याशा कपात उतरताना डोळे भरून पाहावी, हा त्याचा प्रातःकालीन नेम. बायको चहावाली; त्यामुळे या दैवताला आजवर भक्त एकच होता. सासूबाईंनी आल्या दिवशी, फारच आग्रह झाल्यावर, एकुलती एक इच्छा सांगितली होती: "मोठा कपभर काळी कॉफी मिळाली तर बरं."

यंत्र देणार दोन घोट आणि सासूबाईंना हवा मोठा कप. चष्मेकाराने सरळ उपाय काढला. मोठा कप खाली ठेवायचा आणि तो भरेपर्यंत यंत्र थांबवायचे नाही. धार आधी काळसर येई, मग मधासारखी, मग फिकट, मग नुसत्या गढूळ पाण्यासारखी. तरी तो भरतच राही. तबकात ठेवून तो कप अदबीने नेई. सासूबाई म्हणत, "छान झालीय," आणि थेंबही न सांडता संपवत. ते पाहून त्याचे अंतःकरण भरून येई. म्हणून त्याने पूड वाढवली. मग संध्याकाळचाही कप सुरू केला.

शुक्रवारी बायको म्हणाली, "आईनं दादाला फोन केला. रविवारी लवकरच ये म्हणाली."

शनिवारी सकाळी त्याने कप हाती दिला आणि सासूबाई म्हणाल्या, "छान झालीय."

कप अजून ओठांना लागला नव्हता.

चष्मेकार जागच्या जागी थबकला. हा स्वर त्याच्या परिचयाचा होता. दुकानात भिडस्त गिऱ्हाईक येते; काच नाकावर नीट बसण्याआधीच "अगदी स्पष्ट दिसतं हो" म्हणते, आणि बाहेर पडताना पायरीला अडखळते. अशांना 'नीट दिसतंय का' हे विचारायचेच नसते. एक काच लावायची, मग दुसरी, आणि विचारायचे, ही बरी की ही. नकार द्यायला जीभ अडखळते. निवड करायला कोणाला संकोच वाटत नाही.

"आई, कपाच्या काठाला काहीतरी लागलंय," म्हणून त्याने कप परत घेतला आणि स्वयंपाकघरात जाऊन प्रथमच त्यातला एक घोट घेतला. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. इथे तर तिने एका सुशील बाईला आठवडाभर काढा पाजला होता.

मग तो शांतपणे विचार करू लागला. पुडीचे जे सत्त्व ते पहिल्या धारेतच उतरते. त्यापुढे पाणी तिच्यातला कडवटपणा तेवढा ओरबाडून आणते. त्याने नवी पूड भरली. धार फिकट होऊ लागताच यंत्र थांबवले, शेगडीवर निराळे पाणी उकळले आणि त्या दोन घोटांत ओतून कप भरला. शेजारी जुन्या रीतीचा दुसरा कप तसाच केला. दोन्ही कप सारखेच घेतले होते; ते तबकात ठेवून तो सासूबाईंच्या खोलीत आला.

"आई, ही बरी की ही?"

"दोन्ही छान आहेत."

"असं चालत नाही. असं म्हणणाऱ्याला मी दुकानातल्या खुर्चीवरून उठू देत नाही."

सासूबाईंनी एक घोट घेतला. दुसऱ्या कपातला घेतला. पुन्हा पहिल्याकडे वळल्या. मग डावीकडचा कप त्यांनी एका बोटाने हलकेच दूर सारला.

"ही नको. कडू आहे." मग हळूच म्हणाल्या, "रोजच कडू असते."

"आणि ही?"

"ही बरी. पण पाणी अंमळ जास्त झालंय."

त्यांच्या तोंडचा 'पण' या घराने प्रथमच ऐकला. चष्मेकार तिथेच स्टूल ओढून बसला. दुकानात एक अक्षर वाचले गेले की तो खालची ओळ दाखवी.

"उशी? ही की पातळ?"

"पातळ. हिनं मान धरते."

"आणि माझा रेडिओ?"

"बातम्या फार मोठ्यानं लावता, जावईबापू. आमच्या वाचनालयात तुम्हाला बसू दिलं नसतं."

"बरं. पलंग भिंतीशीच राहू दे, की खिडकीशी?"

पलंगाआडून आणखी काय विचारले जात आहे, हे दोघांनाही ठाऊक होते. सासूबाईंनी कप दोन्ही हातांत धरला.

"खिडकीशी उजेड चांगला येईल. पण जड आहे तो. एका रात्रीसाठी कशाला कंबर मोडून घेता?"

"एका रात्रीसाठी मी उशीसुद्धा हलवणार नाही, आई."

त्या कप घेऊन उठल्या. मग म्हणाल्या, "तिला हाक मारा. एकट्यानं उचलू नका."

पलंग घासल्याचा आवाज ऐकून लेक ओल्या हातांनीच धावत आली, आणि तिला काही विचारता येण्याआधीच नवऱ्याने म्हटले, "धर ते टोक."

सासूबाई कप घेऊन उभ्या होत्या. "डावीकडे घ्या. अजून थोडा. अहो, सतरंजी दुमडतेय तिथली, चष्मे विकता ना तुम्ही?"

लेकीने पलंग टेकवला आणि आईकडे पाहिले. "आई, दादा उद्या सकाळी येतोय ना?"

"येऊ दे की," सासूबाई म्हणाल्या. "येताना माझी पुस्तकं आण म्हणावं त्याला. वरच्या फळीवरची. खालची नकोत, ती सगळी वाचून झाली आहेत."