उजव्या हाताची नखं

सांडोरच्या वाडीत ज्ञानदाच्या हातांची चेष्टा व्हायची. डाव्या हाताची नखं मुळापर्यंत कापलेली, उजव्याची मात्र वाढवलेली, घासून गोल केलेली. शेजारच्या मंदाकाकी तोंडावर म्हणायच्या, "यमुनावहिनी, तुमची सून डाव्या हाताने मोलकरीण नि उजव्या हाताने राणी!"

सासूबाई यावर हसायच्या नाहीत. मोठ्याने बोलायच्याही नाहीत. पहाटे न्हाऊन अंगणातल्या जास्वंदीचं फूल गणपतीला वाहिल्याशिवाय पाण्याचा थेंब तोंडात घ्यायचा नाही, हा त्यांचा नेम. ती जास्वंद सासऱ्यांनी, आत्मारामरावांनी, जायच्या आदल्या वर्षी लावलेली.

ज्ञानदाचा नेम दुसरा होता. तिचे गुरू युजीन सर चर्चमध्ये व्हायोलिन वाजवत आणि घरी गिटार शिकवत. हात तयार करायचा तर व्हायोलिनच्या अवघड रचना गिटारवर बसव, असं त्यांचं सांगणं. "व्हायोलिनवाल्याकडे कमान आहे, बाय. एका ओढीत तो ओंजळभर सूर घेऊन पळतो. तुला एकेक सूर नखाने उचलायचाय. त्याच्यामागे अनवाणी पळ. मग तुला गिटारचं काहीच जड जाणार नाही."

ती पळाली. तर्जनी, मधलं बोट, तर्जनी, मधलं बोट. भात शिजेपर्यंत ओट्याच्या कडेवर, नवरा जेवेपर्यंत मांडीवर. भांडी हातमोजे घालून घासली, नारळ डाव्या हाताने सोलायला शिकली. एका रचनेत जिथे हमखास अडखळायची ती जागा या उन्हाळ्यात एकदाची सुटली, तेव्हा सरांनी नुसती मान डोलावली. मुंबईच्या एका वाद्यवृंदात गिटारची जागा रिकामी होती. बुधवारी निवड. वाजवायला तीच व्हायोलिनची रचना. वाडीबाहेर तिच्या नावाचं असं काही पहिल्यांदाच होणार होतं.

आणि मंगळवारी अंगारकी आली.

सोमवारी दुपारी सासूबाई फडताळापुढे बसून होत्या. "मोदकाचा साचा सापडत नाही गो. आता पारी हातानेच वळायला हवी."

"मी वळते की, आई."

"त्या नखांनी?" त्यांनी तिचा उजवा हात आपल्या हातात घेतला, अगदी मायेने. "पारी फाटेल. शिवाय वाढलेल्या नखांचा नैवेद्य देवाला कसा दाखवू? मंगळवारी नखं कापत नाहीत, म्हणून आजच सांगते."

"बुधवारी माझी निवड आहे. तुम्हाला सांगितलंय मी."

"मी काही म्हणत नाही. घर तुझं, देवही तुझाच." एवढं बोलून त्या माळ घेऊन बसल्या.

संध्याकाळी त्या जेवल्या नाहीत. निमिष, तिचा नवरा, ताटावरून म्हणाला, "काप ना यार. नखंच आहेत, परत वाढतील. आईला उपाशी ठेवणार आहेस का?"

ज्ञानदाने नखं कापली. कट, कट, कट. सासूबाईंनी कागद पुढे केला, तुकडे त्यात गोळा केले आणि उठून पानं वाढायला घेतली.

मंगळवारी उकड काढून झाली. ज्ञानदा हाताला तेल लावून पाटावर बसली, तेवढ्यात सासूबाई देवघरातून आल्या. हातात साचा.

"बघ बाई, देवाच्या पाटाखालीच होता. मीच ठेवला असेन." त्यांनी तो तिच्यासमोर ठेवला. "बरं झालं. साच्याने पटपट होतील."

बुधवारी ज्ञानदा वाजवायला बसली. डावा हात पाण्यासारखा चालला. उजव्याच्या बोटांचं मऊ मांस तारेवर घसरत होतं, सूर घोंगडीखालून आल्यासारखे येत होते. सुटलेली ती जागा पुन्हा अडली. तिने पुन्हा सुरू केलं. पुन्हा अडली. समोरच्या बाईंनी हात वर केला.

"डावा हात फारच छान आहे तुमचा. उजव्याकडे लक्षच दिलेलं दिसत नाही."

बाहेर थांबलेल्या सरांनी तिची बोटं पाहिली. "निवडीच्या तोंडावर नखं कापलीस?" एवढंच विचारलं. तिला घरापर्यंत सोडलं. दाराशी मात्र म्हणाले, "पुढच्या आठवड्यापासून येऊ नकोस. माझं वय झालंय, इतकी मेहनत आता फुकट घालवता येत नाही."

दुसऱ्या दिवशी सासूबाई ओल्या केसांनी परडी घेऊन अंगणात आल्या. जास्वंद नव्हती. वीतभर खुंट होता, आणि चिखलात फांद्यांचा नि ठेचलेल्या कळ्यांचा ढीग. पायरीवर ज्ञानदा बसलेली. शेजारी कोयता.

सासूबाईंच्या हातातली परडी कलली. "हे त्यांनी लावलेलं गो..."

"परत वाढेल की, आई."

निमिष धावत जाऊन नाक्यावरून फुलं घेऊन आला. सासूबाईंनी ती बाजूला सारली. दुसरीकडचं फूल नेमाला चालत नाही. ऊन चढलं. त्या देवघराच्या उंबऱ्याशी बसून राहिल्या, ओठ सुकलेले, डोळे मिटलेले. मंदाकाकी येऊन वाडगाभर ताक तसंच परत घेऊन गेल्या.

दुपारी ढीग उचलताना ज्ञानदाला तळाशी एक कळी सापडली. चिखलाने माखलेली, पण धड. पाण्यात ठेवली असती तर उमलली असती.

आतून सासूबाईंचा क्षीण आवाज आला. "ज्ञानदा... बघ ना गो, एखादं तरी..."

"बघते हं, आई."

ती पायरीवर बसली. कळी डाव्या हातात धरली आणि उजव्या हाताने एकेक पाकळी उपटू लागली. तर्जनी, मधलं बोट, तर्जनी, मधलं बोट. नखांवाचूनही एकही चुकली नाही.